एका किल्लीच्या दोन गाड्या

आमच्या मावशीनं एका शनिवारी भर दुपारी बाजारातून एक गाडी चोरली. गाडीत मी होते, म्हणजे साथीदार म्हणून मलाही धरायला हरकत नाही. मागच्या सीटवर एक बोकाही होता… पण तो आहे हे आम्हाला पूल ओलांडल्यावर कळलं.

झालं असं, की पाऊस आला. आला कसला, कोसळला! मी माझ्या वक्तृत्वाच्या वर्गातून धावत मावशीच्या दुकानात गेले. (गेल्या वर्षीपर्यंत पाहुण्यांसमोर माझं तोंड उघडत नसे. आता ते मिटत नाही, असं आजीचं म्हणणं.) मी आजोळी राहते, कारण माझी शाळा तिथून जवळ आहे. मावशी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. दिवसभर "खालची ओळ वाचा, आता बरं दिसतंय की मघाशी?" असं विचारणाऱ्या बाईला स्वतःची गाडी ओळखू येऊ नये, याला काय म्हणावं?

पण तिची बाजूही ऐका. बाजारामागच्या त्या मैदानात तशाच गाड्यांची अख्खी रांग उभी होती. ती गाडी तुम्हाला माहीतच आहे. छोटी, पांढरी, चार दारांची, समोरून पाहिलं तर पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलासारखा चेहरा. तुमच्या घरी नसेल तर शेजारी असेल, शेजारी नसेल तर तुमच्या काकांनी नुकतीच विकली असेल आणि आता ते हळहळत असतील. माझी आई तीच गाडी चालवायला शिकली, मावशीही शिकली, आणि माझा जन्म झाल्यावर मी दवाखान्यातून घरी आले तीही तिच्यातूनच. कंपनीनं मधल्या काळात तिचे दिवे बदलले, नाक बदललं, पण लोकांनी गाडी काही बदलली नाही. आजोबा म्हणतात, "बंद पडत नाही, हाच तिचा दोष. पडली असती तर नवी घेतली असती की!"

आमच्या घरात तिचं नाव डबी.

तर डोक्यावर पिशवी धरून आम्ही धावलो. मावशीनं किल्ली घातली, फिरवली, दार उघडलं. आत बसलो. गाडी सुरूही झाली.

"सीट कुणी मागे ढकलली गं एवढी?" मावशी कुरकुरली आणि तिनं खटकन सीट पुढे ओढली.

"आजोबांनी असेल."

"आणि हा वास कसला?"

"पावसाचा."

"पावसाला ओल्या कुत्र्याचा वास येतो होय?"

पुढच्या चौकात गाडी डावीकडे वळली आणि हॉर्न आपोआप वाजला. पूंऽऽ! मावशी दचकली. "बाबांनी पुन्हा काहीतरी उचापती केलेल्या दिसतात," ती म्हणाली. पुलावरून पलीकडे गेल्यावर मागून आवाज आला, "म्याँव."

मी मागे वळून पाहिलं. जाळीच्या पेटीत एक लठ्ठ, करडा, अत्यंत नाराज बोका बसला होता. पेटीवर प्राण्यांच्या दवाखान्याचा फोन नंबर होता. मावशीनं गाडी कडेला घेतली आणि फोन लावला.

"हॅलो… तुमचा बोका आमच्याकडे आहे."

 पलीकडून एक गंभीर पुरुषी आवाज आला, "बोला. काय मागणी आहे तुमची?"

मी खुदकन हसले. मावशीनं मला चिमटा काढला. "अहो, तसं नाही! मी चुकून तुमची गाडी घेऊन आलेय."

"शक्यच नाही. मी माझ्या गाडीत बसलोय. पाऊस थांबायची वाट बघतोय."

"जरा मागे बघता का?"

"बघतो… बोका नाहीये. एक फुलाफुलांची उशी आहे. आणि चष्म्यांचा खोका." तो थांबला. "तरीच! कधीपासून गुडघ्यांना स्टिअरिंग लागतंय. मला वाटलं, या वयात माझी उंची वाढली."

आम्ही उलटं वळलो. तोवर पावसाची नुसती भुरभुर उरली होती. मैदानात आमच्या डबीला टेकून एक उंच माणूस उभा होता. ओले केस, वर दुमडलेल्या बाह्या, हातावर कुणाच्या तरी नख्यांचे ओरखडे, आणि एका काडीला चिकटपट्टी गुंडाळलेला चष्मा. मावशी खाली उतरली. मला वाटलं, आता ती माफी मागेल.

"तुमचा चष्मा डावीकडे उतरलाय," मावशी म्हणाली.

"आणि तुमची गाडी उजवीकडे ओढते," तो म्हणाला. "मी जरा पुढे घेऊन पाहिली."

दोघंही एकदम हसले. मग त्यांनी किल्ल्या घालून पाहिल्या. तिची त्याच्या गाडीत, त्याची तिच्या गाडीत. दोन्ही दोन्हीकडे लागत होत्या.

"किल्ली जुनी झाली, झिजली, की कुठल्याही कुलपात जाते," मावशी उगाचच जमिनीकडे बघत म्हणाली.

"कुठल्याही नाही. शेजारच्या गाडीत घालून पाहिली. नाही लागली."

"लोकांच्या गाड्यांना किल्ल्या लावत फिरता?"

"शास्त्रीय कुतूहल," तो म्हणाला आणि बोक्याची पेटी उचलून छातीशी धरली. बोक्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही सगळं त्याला आधीच कळलं होतं.

तर ते डॉक्टर. जनावरांचे. त्यांच्या गाडीचं नाव म्हातारी.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात सुरू झाली. डबीच्या मागच्या खिडकीचं हँडल मी पहिलीत असताना तुटलं होतं. तेव्हापासून काच खाली करायची तर दोन्ही तळव्यांनी दाबून ओढायची. त्या शनिवारी मी सवयीनं तळवे लावले, तर हँडल जागेवर! काळं, चकचकीत, नवंकोरं. मावशीनं ते फिरवून पाहिलं. काच खाली. काच वर. पुन्हा खाली. आणि तिचे कान लाल झाले.

सोमवारी मावशीनं म्हातारीच्या पुढच्या खणात चष्मा पुसायचं मऊ फडकं आणि छोटा पेचकस ठेवला. त्यानंतर डबीत भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी आली. म्हातारीत सुवासिक साबण गेला (ओल्या कुत्र्यावर उपाय म्हणून). डबीत मैदानातल्या झाडाची पिवळी फुलं आली, मूठभर, स्टिअरिंगसमोर नीट ओळीत मांडलेली. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. नुसत्या वस्तू. आणि संध्याकाळी मैदानात भेटल्यावर दोघंही साळसूद.

"काल कुणीतरी माझ्या गाडीत शिरलं होतं," मावशी म्हणायची.

"अरे बापरे. काय गेलं चोरीला?"

"काहीच नाही. उलट वाढलंच."

"सराईत दिसतोय."

"छे, नवशिका. सीटवर पावलं उमटवून गेला."

"ती माझी नाहीत. ती बोक्याची."

बोलता बोलता डॉक्टर वाकून गुडघे चोळायचे. गाडीतून उतरले की नेहमीच चोळायचे. मला वाटायचं, कुत्र्यांच्या मागे धावून दुखत असतील बिचारे.

मागच्या सीटवरून मला आरशात मावशीचे डोळे दिसायचे. रस्त्यावर असायला हवे होते ते… पण रस्त्यात कुठलीही छोटी पांढरी गाडी आली की ते तिच्या मागे जायचे. आणि त्या गाड्या तर पावलोपावली! बिचारी दिवसभरात किती वेळा फसत असेल.

आणि मग आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

"डबीत बसायला जमतं गं मला," आजी म्हणाली, "पण उठायला क्रेन बोलवावी लागते." डबीची सीट खाली, आजीचा गुडघा नवा. उंच गाडी घ्यायची ठरलं. आजोबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग केस कापताना न्हाव्याला सहज म्हणाले, "डबी काढायची म्हणतोय."

झालं! घरी पोचायच्या आत फोन वाजायला लागला. गाण्याच्या बाई आल्या. पोस्टमन आला. समोरचे आजोबा येऊन म्हणाले, "तुमच्या डबीवर माझा कधीपासून डोळा आहे, मला आधी सांगायला काय झालं?" एवढ्या जुन्या गाडीसाठी दारात रांग! आमच्या आजोबांनी प्रत्येकाची तोंडी परीक्षा घेतली. "थंडीत सकाळी सुरू केल्या केल्या काय कराल?" गाण्याच्या बाई म्हणाल्या, "लगेच निघेन, उशीर झालेला असतो." नापास! शेवटी एक नर्स आणि तिचा नवरा पास झाले. ती म्हणाली, "थोडा वेळ नुसती गुरगुरू देईन, मग निघेन." तिला बाळ होणार होतं. आजोबांनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग डबीकडे, आणि नाक शिंकरलं.

मावशी मात्र डबीची किल्ली हातात फिरवत बसली. मी म्हटलं, "त्यात काय, नव्या गाडीनं जा मैदानात."

"नव्या गाडीला बटणाची किल्ली आहे गं," ती म्हणाली. "ती कुठल्याच दुसऱ्या गाडीला लागत नाही."

"मग त्यांना सरळ सांग ना."

"काय सांगू? आमची गाडी चाललीय, आता तुमच्या गाडीत काय ठेवू, असं? आणि त्यांना गाडीतच रस असला तर? कितीतरी लोकांना आहे. दारात रांग पाहिलीस ना?"

 

त्याच आठवड्यात डॉक्टर डोळे तपासायला दुकानात आले. मी कोपऱ्यात गृहपाठ करत बसले होते. म्हणजे वही उघडी होती. खोलीत अंधार, समोर उजळलेली अक्षरांची पाटी, आणि मावशी त्यांच्या नाकावर ती जड लोखंडी चौकट बसवून एकेक भिंग बदलत होती.

"आता बरं दिसतंय की मघाशी?"

"आता."

"आणि आता?"

"आता आणखी."

"मी भिंग बदललंच नाहीये अजून. समोर बघा."

"समोरच बघतोय."

"अहो, पाटीकडे!"

"हां… पाटी." डॉक्टरांनी घसा खाकरला. "पाटीवर एक मोठं अक्षर आहे."

"खालची ओळ वाचा."

"खालची ओळ…" त्यांनी चौकट उगाच नाकावर सरळ केली. "खालची ओळ पुन्हा कधीतरी वाचतो."

मी वहीत तोंड खुपसलं. वही हलत होती.

रविवारी दुकानाला सुट्टी असते, तरी मावशी जाऊन बसली. स्वतः भिंगं घासली, स्वतः चौकटीत बसवली. सोमवारी सकाळी तिनं तो नवा चष्मा म्हातारीत ठेवला, स्टिअरिंगसमोर, जिथे एकदा पिवळी फुलं आली होती त्याच जागी. "हेच माझं सांगणं," ती मला म्हणाली. "बघू या काय उत्तर येतं."

उत्तर आलं नाही.

मंगळवारी डबी रिकामी. बुधवारी रिकामी. गुरुवारी तर म्हातारी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी. डॉक्टर लांबून दिसले. मावशीनं हात वर केला. त्यांनी मान हलवली, नुसती, आणि भरभर निघून गेले. नाकावर तोच चिकटपट्टीचा जुना चष्मा.

मावशी गाडीत बसली, मागे हात करून मागची काच वर केली. ते हँडल तिनं इतकं हळू फिरवलं, की मलाच रडू यायला लागलं.

शनिवारी दुपारी मी डबीचं दार उघडायला गेले आणि थबकले. कुलपाभोवती बारीक ओरखडे होते. ताजे. कुणीतरी किल्ली घालायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता. खाली, चाकाजवळ, पिवळी फुलं पडली होती, चुरडलेली, वाळलेली. आणि दार एवढं जुनं असताना कुलूप मात्र चमचमत होतं.

मी घरी जेवायला बसेपर्यंत दम धरला. वाढून होताच विचारलं, "आजोबा, डबीचं कुलूप नवं कसं?"

"बदललं की!" आजोबा खुशीत आले. "सगळी कुलपं. सोमवारी रात्री तुम्ही झोपल्यावर कुलूपवाल्याला बोलावलं. त्या दिवशी बोका घेऊन फिरलात ना, तेव्हापासून डोक्यात होतं. परक्याच्या किल्लीनं उघडणारी गाडी त्या दोन जिवांच्या पोरीच्या गळ्यात मारायची? जनाची नाही तर मनाची तरी!"

मावशीचा हात ताटातच राहिला. "बाबा… तुम्ही तर म्हणालात, झिजली म्हणून नवी किल्ली करून आणली."

"कुलपासकट आणली. एवढं काय त्यात?"

"जुनी कुठेय?"

"जुनी कशाला हवी? कुठल्याच कामाची नाही ती."

"कुठेय, बाबा?"

"खिळ्यांच्या डब्यात…"

मावशीनं तो डबा जमिनीवर पालथा केला. खिळे, चुका, वायसर सगळीकडे घरंगळले. किल्ली उचलून ती खरकट्या हातानंच दाराकडे निघाली.

"अगं, जेव तरी!" आजोबा ओरडले. "झालंय काय हिला?"

"जाऊ द्या तिला," आजी तिच्या उंच खुर्चीवरून म्हणाली. "डबीतल्या माझ्या उशीवर रोज बोक्याचे केस यायचे, ते काय आपोआप? तुम्हाला कुलपं दिसतात फक्त. आणि तू गं, बघतेस काय? जा तिच्यासोबत, अन् परत आल्यावर मला सगळं सांग. शब्दन्‌शब्द."

म्हणून हे सगळं मला शब्दन्‌शब्द पाठ आहे.

म्हातारी दवाखान्यासमोर उभी होती. मावशीनं डबी तिच्या मागे लावली, हात रुमालाला पुसले, उतरली, जुनी किल्ली म्हातारीच्या दाराला लावली… आणि कुलूप उघडलं. ती सरळ आत जाऊन स्टिअरिंगवर बसली. मी डबीची मागची काच खाली केली. डॉक्टरांनी बसवलेल्या हँडलनं. ते नसतं तर मला काहीही ऐकू आलं नसतं, म्हणजे तसा दोष त्यांचाच.

थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. काखेत बोका. मावशीला पाहून ते जागीच उभे राहिले.

"बाई, ही गाडी माझी आहे," ते म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

"किल्ली तर लागली."

"लागणारच. माझं कुलूप जुनंच आहे अजून."

"माझंही जुनंच होतं. बाबांनी बदललं. मला न सांगता. मला आत्ता, जेवताना कळलं."

डॉक्टरांच्या काखेतला बोका सुटायला धडपडत होता. ते माझ्या खिडकीपाशी आले, "जरा धर," म्हणून बोका माझ्या मांडीवर दिला आणि परत फिरले.

"म्हणजे कुलूप तुम्ही मुद्दाम…"

"नाही."

"न्हाव्याकडे कळलं, की तुम्ही गाडी विकताय. मग कुलूपही बदललेलं. मला वाटलं, तो चष्मा म्हणजे… निरोप."

"निरोप?" मावशी एवढ्या जोरात म्हणाली, की रस्त्यावरचे दोघं वळून पाहायला लागले. "अहो, चष्मा म्हणजे निरोप कसा असेल? चष्मा म्हणजे — नीट बघा, असं!"

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात तिनं दिलेलं फडकं, आणि फडक्यात नवा चष्मा. त्यांनी जुना काढला, नवा घातला. आणि नीट बघितलं. बराच वेळ.

"आता बरं दिसतंय की मघाशी?" मावशीनं हळूच विचारलं.

"आता."

"खालची ओळ?"

"दिसतेय. मोठ्यानं वाचायचा धीर होत नाही."

"वाचा."

डॉक्टर दारापाशी वाकले. "खालची ओळ अशी आहे, की… त्या दिवशी पावसात तुम्ही ही सीट पुढे ओढलीत. मी ती अजून मागे ढकललेली नाही."

मावशीनं खाली पाहिलं. मीही मान बाहेर काढून उघड्या दारातून पाहिलं. तिचे पाय पॅडलवर अगदी आरामात टेकले होते. सीट तिच्या मापाची होती. एवढा उंच माणूस इतके दिवस गुडघे छातीशी घेऊन गाडी चालवत होता!

"वेडे आहात का तुम्ही?" मावशीचा आवाज ओला झाला. "गुडघ्यांची वाट लागेल अशानं! माझ्या आईचे पाहा."

"म्हणून तर म्हणतो… या जागेवर कुणीतरी कायमचं बसावं. मी शेजारी बसेन."

   मग मावशीनं हात लांब करून पलीकडचं दार आतून उघडलं. डॉक्टर वळसा घालून गेले, बसले, आणि पहिल्यांदाच त्यांनी पाय लांब केले. म्हातारी सुरू झाली. थोडा वेळ गुरगुरली. मग निघाली.

"अगं मावशी! आणि मी?"

कुणी ऐकलं नाही. कोपऱ्यावर म्हातारी डावीकडे वळली. पूंऽऽ! मग पलीकडच्या रस्त्यावरून, घरांमागून, पूंऽऽ! मग आणखी लांबून… बारीक… पूंऽऽ. मी आणि बोका एकमेकांकडे बघत आवाजावरून अंदाज घेत होतो. मागून वळसा घालून म्हातारी आली, आमच्या शेजारून थेट पुढे गेली आणि पुन्हा डावीकडे वळली. पूंऽऽ!

दुसऱ्या फेरीनंतर मात्र म्हातारी थांबली. मी खिडकीतून अर्धी बाहेर आले. "डॉक्टर, एक विचारू? आता 'डॉक्टर' सोडून तुम्हाला नुसतं 'काका' म्हटलं तर चालेल?"

"ए, गप गं!" मावशी किंचाळली.

"मला चालेल," ते म्हणाले. "मालकीणबाईंना विचार." मालकीणबाईंनी लाजून तोंड दुसरीकडे फिरवलं आणि घाईघाईत हात स्टिअरिंगवर आपटला. हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी वळण नसताना.

डबी पुढच्या आठवड्यात गेली. नर्सताईनं ती थोडा वेळ गुरगुरू दिली, मगच नेली. आजोबा कोपऱ्यापर्यंत मागे मागे चालत गेले. ती याच गावात आहे, पण कुठली ते ओळखू येत नाही, कारण तशा गाड्या सगळीकडेच आहेत. म्हणून मी आता म्हातारीच्या मागच्या सीटवरून, मांडीवर बोका घेऊन, दिसेल त्या छोट्या पांढऱ्या गाडीला हात करते. पुढे मावशी चालवत असते. काका शेजारी पाय लांब करून शेंगदाणे सोलून तिच्या तळहातावर ठेवत असतात. आणि समोरून, कोण जाणे कोण, बहुतेक वेळा कुणीतरी उलट हात करतंच.